चिरस्थायी वर्गश्रेणी

ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगमधील क्लासची श्रेणी प्रोग्रॅम थांबल्यावरही साठवून ठेवण्याची, आणि प्रणाली चालू असतानाच ती न्याहाळण्याची व बदलण्याची पद्धत.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या साखरपट्ट्याचे उदाहरण घेता येते. प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५० पासूनचा. अशा कारखान्याच्या ऊसनोंदीत ‘ऊस’ हा मूळ क्लास मानला, तर लागण आणि खोडवा हे त्याचे उपवर्ग. लागणीखाली आडसाली, पूर्वहंगामी, सुरू. जुलै-ऑगस्टमधली आडसाली शेतात सर्वाधिक काळ उभी राहते, म्हणून तोडणीची तारीख काढण्याची रीत प्रत्येक उपवर्गाची वेगळी.

आता ठिबक सिंचनाची नोंद ‘ऊस’मध्येच वाढवायची ठरली, तर आधी साठवलेल्या हजारो नोंदींचे काय? खरी कसोटी इथेच आहे. अमेरिकेतील ओरायन या ऑब्जेक्ट डेटाबेस प्रणालीच्या संशोधकांनी १९८७ मध्ये यासाठी काटेकोर नियम मांडले. ओरायन जुनी नोंद लगेच बदलत नसे. ती वाचली जाताना नव्या रूपात दाखवी. जेमस्टोन या दुसऱ्या डेटाबेस प्रणालीने नोंदी तत्काळ बदलण्याचा मार्ग घेतला.

चालू प्रणालीतच श्रेणी बदलण्याचे उदाहरण म्हणजे स्मॉलटॉक-८० ही भाषा. तिच्यात क्लास स्वतःच ऑब्जेक्ट असतात आणि सगळे मिळून ‘इमेज’ या एकाच फाइलमध्ये जतन होतात. तिच्या क्लास-ब्राउझरच्या खिडकीत श्रेणी उघडावी, मेथड दुरुस्त करावी, काम पुढे चालू. रूढ सी++ मध्ये ही मोकळीक नाही.

स्मॉलटॉकच्या परंपरेतली फारो प्रणाली मोफत मिळते. मराठी विद्यार्थ्यांनी सुरुवात तिच्यापासून करावी.