बोरिवलीचें शिबिर आणि बोर्डीचें अंगण

आज बोरिवली म्हटली कीं गर्दीनें भरलेले फलाट आणि उंच इमारतीच डोळ्यांपुढें येतात. १९४५ सालीं मात्र ती मुंबई महापालिकेच्या हद्दीबाहेर होती. त्या वर्षीं तेथें कस्तुरबा स्मारक निधीच्या वतीनें ग्रामसेविकांचें एक शिबिर भरलें. शिबिरास पुण्याहून एक शिक्षिका आल्या होत्या. वय पस्तीस; शिकविण्याचा अनुभव दीड दशकाचा. त्या म्हणजे अनुताई वाघ.

त्यांची पूर्वपीठिका थोडक्यांत सांगतों. जन्म १९१० सालचा, पुणे जिल्ह्यांतील मोरगांवचा. तेराव्या वर्षीं लग्न झालें आणि सहा महिन्यांच्या आंतच वैधव्य आलें. अशा मुलीच्या वाट्यास त्या काळीं काय येत असे, हें निराळें सांगावयास नको. अनुताईंनीं व्हर्नाक्युलर फायनल व ट्रेनिंग कॉलेज पुरें केलें, नाशिक जिल्ह्यांत व पुढें पुण्याच्या हुजूरपागेंत शिकविलें, आणि दिवसा शिकवून रात्रीं स्वतः शिकत १९३७ सालीं त्या मॅट्रिक झाल्या. मीहि मॅट्रिकपर्यंतच शिकलेला एक जुना शाळामास्तर आहें. दिवसभर फळ्यापुढें उभें राहिल्यावर रात्रीं पुस्तक उघडावयाचें म्हणजे काय, याची मला कल्पना आहे.

शिबिरांत त्यांची गांठ ताराबाई मोडक यांच्याशीं पडली. ताराबाई भावनगरास गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करून आलेल्या. १९२६ सालीं स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाच्या त्या प्रमुख कार्यकर्त्या, आणि दादरचें शिशुविहार त्यांनींच १९३६ सालीं उभें केलें. माँटेसरी पद्धतीचें बालशिक्षण शहरांत रुजलें खरें. पण बहुधा ज्यांस फी परवडे अशा घरांपुरतेंच. तें खेड्यांतील गरिबांच्या दारीं न्यावें, असा ताराबाईंचा निश्चय झाला होता. अनुताई पुण्याची नोकरी सोडून त्यांच्यासंगें डहाणू तालुक्यांतील बोर्डीस गेल्या, आणि १९४५ च्या अखेरीस तेथें ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झालें.

अनुभवी शिक्षिकेची नवी उमेदवारी येथें सुरू झाली. हुजूरपागेंत घंटा होती, हजेरीपट होता, बांकें होतीं, वेळेवर येणाऱ्या मुली होत्या. बोर्डीस वर्ग म्हणावा असें प्रथम कांहींच नव्हतें. ज्यास त्या काळीं हरिजनवाडा म्हणत, तेथील मुलें केंद्राकडे येईनात. तीं न येण्याचें कारण मुलांच्या अंगचा आळस नव्हे. आईबाप सकाळींच कामास जात. मोठें भावंड धाकट्यास कडेवर घेऊन बसे. आणि दुसऱ्यांच्या वस्तींत पाऊल टाकण्याचा संकोच तर पिढ्यान्‌पिढ्यांचा. मग या दोघींनीं शाळाच वाड्यांत नेली. घरापुढच्या सारवलेल्या अंगणांत बालवाडी भरूं लागली. अंगणांत बसलें म्हणजे मुलाबरोबर त्याची आजी दिसते, चूल दिसते, चुलीवर कांहीं आहे कीं नाहीं तेंहि दिसतें. ट्रेनिंग कॉलेजांत आम्हांस पाठाचें टाचण काढावयास शिकवीत. मुलाच्या घरची ही माहिती टाचणांत कोठेंच येत नसे. माझ्या मतें त्या शिक्षणांतील हें मोठेंच न्यून होय.

पहिल्या धड्यांचीं साधनें म्हणजे पाणी, फणी आणि नखें काढावयाची कात्री. माँटेसरीबाईंच्या पद्धतींत स्वतःचें अंग व कपडे नीट ठेवणें हा शिक्षणाचाच भाग आहे. तेव्हां यांत शास्त्राबाहेरचें कांहीं नव्हतें. अडचण होती ती खेळण्यांची. लहानमोठें, जडहलकें, खरखरीत-गुळगुळीत हा भेद हातांनीं ओळखावयास त्या पद्धतींत लांकडाचीं रेखीव साधनें लागतात, आणि तीं महाग असतात. बोर्डी तर समुद्रकांठचें, वाड्याबागांचें गांव. शंख-शिंपले, खडे, बिया, पानें, काटक्या यांस तेथें तोटा नव्हता. तींच मोजावयास, लावावयास, निवडावयास घेतलीं. विदेशी पद्धति अशी त्या गांवच्या मातींत उतरली, आणि मुलांस तीं साधनें घरचींच वाटलीं.

हा मुलूखहि त्या वेळीं शांत नव्हता. १९४५ सालींच डहाणू आणि उंबरगांव भागांत वारल्यांनीं वेठ व लग्नगड्याची पद्धत यांविरुद्ध लढा उभारला. शामराव व गोदावरी परुळेकर त्यांत पुढें होत्या. लग्नासाठीं काढलेल्या कर्जापायीं नवराबायकोनें जमीनदाराकडे राबत राहावयाचें, अशी ती पद्धत. ज्या घराचें मनुष्यबळच असें गहाण पडलेलें, त्यानें पांच वर्षांचें पोर पाटीपुढें बसवावें, ही अपेक्षा करणारानें आधीं तें घर पाहिलेलें बरें.

१९५७ सालीं हें कार्य बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या पाड्यांजवळ गेलें. तेथें नवा वर्ग, नवी बोली, नव्या अडचणी. मुलगी शाळेंत येई तीच तान्ह्या भावास घेऊन. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून विकासवाडी केली. मुलगा गुरांमागें जाई; म्हणून शिक्षक कुरणांत गेला, आणि त्यास कुरणशाळा हें नांव पडलें. आमच्या वेळचे इन्स्पेक्टर अशी शाळा पाहून काय शेरा लिहिते, कोण जाणे!

अनुताईंचें स्वतःचें शिक्षणहि मध्येंच थांबलें नाहीं. १९६१ सालीं, एक्कावन्नाव्या वर्षीं, त्या पदवीधर झाल्या. ताराबाई १९७३ सालीं निवर्तल्या. १९९२ सालीं अनुताई गेल्या. अंगणांतल्या त्या बालवाडीचें 'अंगणवाडी' हें नांव १९७५ सालीं सुरू झालेल्या सरकारी बालविकास योजनेबरोबर देशभर गेलें. बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील दाट वस्त्यांतूनहि आतां त्या नांवाच्या पाट्या दिसतात, जरी तेथें अंगण म्हणावें एवढी मोकळी जागा क्वचितच असते.