साडेसात पुरुषांचा श्येन

चौरस, आयत, त्रिकोण यांचीं सूत्रें मुलें मुखोद्गत करतात. पण अनेक आकृति जोडून झालेली एखादी आकृति पुढें आली, कीं लेखणी थबकते. हा प्रश्न आपल्या देशांत फार प्राचीन काळीं, आणि तोही यज्ञभूमीवर, उभा राहिला होता.

बौधायनाचें शुल्बसूत्र इसवी सनापूर्वीं ८०० ते ५०० या काळांतील मानतात. त्यांत श्येनाच्या, म्हणजे ससाण्याच्या, आकाराची चिति सांगितली असून तिचें क्षेत्रफळ साडेसात वर्गपुरुष असावें असा दंडक आहे. पुरुष म्हणजे हात उंचावून उभ्या असलेल्या यजमानाची उंची. ती १२० अंगुळें धरीत. चितीच्या साध्या रूपाचा हिशेब असा: धड दोन पुरुष बाजूचा चौरस, क्षेत्रफळ ४. पंखाची रुंदी एक पुरुष व लांबी एक पुरुष २४ अंगुळें, म्हणजे १.२, दोन पंखांचे २.४. पुच्छ एक पुरुष रुंद व एक पुरुष १२ अंगुळें लांब, म्हणजे १.१. एकूण ७.५. पुढें पंख वांकविले, पुच्छ पसरलें, तरी बेरीज ढळूं द्यावयाची नाहीं. शिवाय थर पांच, आणि प्रत्येक थरांत विटा २००च! म्हणून आकृतीचे तुकडे कसे पाडावे, हें नेमकें ठाऊक असणें भाग होतें.

तुकडे न पाडतां काम भागेल काय? चतुष्कोनाच्या समोरासमोरील बाजूंच्या सरासऱ्या काढून त्यांचा गुणाकार करण्याची एक रीत ब्रह्मगुप्तानें इ. स. ६२८ मध्यें दिली. पण ती स्थूल आहे, हेंही सांगून ठेवलें. भास्कराचार्यांनीं ११५० सालच्या लीलावतींत उदाहरणच घातलें. चारी बाजू २५. चौरस असेल तर क्षेत्रफळ ६२५, कर्ण ३० व ४० असतील तर ६००, आणि १४ व ४८ असतील तर अवघें ३३६! कर्ण किंवा लंब न सांगतां क्षेत्रफळ विचारणाऱ्यास, आणि तें सांगणाऱ्यासही, त्यांनीं पिशाच म्हटलें आहे.

हा राग अकारण नव्हे. ही शेवटची आकृति एखादें शेत आहे असें समजा. स्थूल रीतीनें तें ६२५ भरेल. त्यावर सारा बसला, तर शेतकऱ्यास पावणेदोन पटींहून अधिक भरावें लागेल. उलट, ४८चा कर्ण आंखला कीं दोन त्रिकोण होतात. प्रत्येकाची उंची ७, क्षेत्रफळ १६८. दोहोंचें मिळून ३३६.

शुल्ब शब्दाचा अर्थच दोरी. म्हणून घरीं मुलांस सूत्र विचारण्यापूर्वीं, "या आकृतींत पहिली रेघ कोठें ओढशील?" हें अवश्य विचारावें.