अर्तहशश्त

अर्तहशश्त हे हिब्रू धर्मग्रंथातील एज्रा आणि नहेम्या या पुस्तकांत येणारे इराणच्या हखामनी घराण्यातील राजाचे नाव. हे रूप अरामी लेखनातून आले आहे. ग्रीकांनी याच राजाला अर्ताक्सेर्क्सिस म्हटले आणि इतिहासाच्या पुस्तकांत तेच रूढ झाले. सुरतेच्या पारशी समाजात या नावाचे तिसरे रूप, अर्देशीर, परिचयाचे आहे.

जुन्या फारसीत हे नाव अर्तख्शस्सा असे होते. त्यातला ‘अर्त’ म्हणजे संस्कृतातला ‘ऋत’, आणि पुढचा भाग ‘क्षत्र’ या शब्दाचा सख्खा भाऊ. ज्याचे राज्य ऋतावर, म्हणजे सत्यनियमावर, उभे आहे तो, असा अर्थ होतो. हेरोडोटसने दिलेला ‘महायोद्धा’ हा अर्थ चुकीचा आहे. ग्रीक रूपाचा शेवट क्सेर्क्सिस या दुसऱ्या राजनामाच्या धर्तीवर घडला आहे. मुळात दोन्ही नावांची व्युत्पत्ती वेगळी आहे.

हखामनी साम्राज्याचा पत्रव्यवहार इजिप्तपासून अफगाणिस्तानापर्यंत अरामीत चाले. ही परंपरा इतकी टिकाऊ होती की साम्राज्य लयाला गेल्यावरही अशोकाने कंदाहारच्या लेखात ग्रीकबरोबर अरामी मजकूर कोरवला. फारसीतील ‘स्स’सारख्या खास ध्वनीसाठी अरामी लिपीत अक्षर नव्हते. लेखनिकांनी तो ‘श’ आणि ‘स’च्या वेगवेगळ्या जोडण्यांनी उतरवला, त्यामुळे एज्राच्या पुस्तकातच या नावाची एकाहून अधिक वर्णलेखने सापडतात. नाईल नदीतील एलिफंटाइन बेटावरच्या यहुदी सैनिकांच्या पपायरस-कागदांवर या राजाच्या कारकिर्दीची वर्षे नोंदलेली आहेत. तेथील लेखन पुन्हा थोडे निराळे आहे. तरीही ‘ह-श’ हा मधला उच्चार अरामीने जपला आणि ग्रीकने गमावला. नावाच्या मूळ रूपाशी अरामी रूपच अधिक प्रामाणिक आहे.

एज्राच्या पुस्तकाचा 4:8 ते 6:18 आणि 7:12 ते 26 हा भाग हिब्रूत नसून अरामीत आहे, कारण त्यात प्रामुख्याने राजदरबारचा पत्रव्यवहार आहे. चौथ्या अध्यायात रहूम आणि शिमशय हे अधिकारी यरुशलेमच्या बांधकामाविरुद्ध तक्रार करतात आणि राजा काम थांबवण्याचा हुकूम देतो. सातव्या अध्यायात राजा स्वतःला राजाधिराज म्हणवून एज्राला यरुशलेमला जाण्याची सनद देतो. नहेम्या हा याच नावाच्या राजाचा प्यालेबरदार. राजाच्या विसाव्या वर्षी त्याला नगराचा कोट बांधण्याची परवानगी मिळाली.

हा राजा म्हणजे इ.स.पू. 465 ते 424 या काळात राज्य करणारा पहिला अर्ताक्सेर्क्सिस, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्याप्रमाणे एज्राचे प्रयाण इ.स.पू. 458 मध्ये आणि नहेम्याचे 445 मध्ये येते. काही अभ्यासक एज्राला दुसऱ्या अर्ताक्सेर्क्सिसच्या काळात, इ.स.पू. 398 मध्ये, ठेवतात. तालमुद या यहुदी ग्रंथात तर अर्तहशश्त हे व्यक्तिनाम नसून राजपदाचे नाव असल्याचे मत आहे.

एस्तेरच्या पुस्तकातील अहश्वेरोश हा राजा वेगळा. त्याचे फारसी नाव ख्शयार्शा, म्हणजेच क्सेर्क्सिस. पण एस्तेरच्या ग्रीक भाषांतरात त्याला अर्ताक्सेर्क्सिस केले गेले, यहुदी इतिहासकार योसेफसनेही तेच केले आणि गोंधळ शतकानुशतके चालू राहिला. एस्तेरच्या कथेवरचा पुरीम हा सण कोकणातल्या मराठीभाषक बेने इस्रायल यहुद्यांत ‘होळीचा सण’ म्हणून ओळखला जाई. त्या कथेतला राजा अहश्वेरोश, अर्तहशश्त नव्हे.

या राजनामांचा उलगडा होण्यात सुरतेचा वाटा मोठा आहे आणि तो पुरेसा सांगितला जात नाही. आंकतील-द्युपेराँ हा फ्रेंच अभ्यासक 1758 मध्ये सुरतेत आला आणि पारशी धर्मगुरू दस्तूर दाराब यांच्याकडे अवेस्ता हा पारशी धर्मग्रंथ व पहलवी भाषा शिकला. 1761 मध्ये तो परत निघाला. बरोबर हस्तलिखितांचा मोठा संग्रह होता. त्याचे अवेस्ताचे फ्रेंच भाषांतर 1771 मध्ये प्रसिद्ध झाले. 1802 मध्ये जर्मन अभ्यासक ग्रोटेफेंडने इराणातील पर्सेपोलिसच्या कीललिपीतील राजांची नावे वाचायला सुरुवात केली, तेव्हा इराणी नावांच्या रूपांसाठी त्याने या ग्रंथाचा आधार घेतला. म्हणजे सुरतेतल्या एका दस्तुराने दिलेली विद्या कीललिपीच्या उलगड्यापर्यंत पोहोचली.

अर्तख्शस्साचे मध्य फारसीत अर्दशीर झाले. इ.स. 224 मध्ये सासानी घराण्याची सत्ता स्थापणारा राजा याच नावाचा होता. पारशांबरोबर हे नाव गुजरातेत आले. एकोणिसाव्या शतकातील सुरतेचे कोतवाल अर्देशीर धनजीशाह हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. हिब्रू ग्रंथही त्याच शहरात वाचला जात होता: अठराव्या शतकात बगदाद आणि अलेप्पोकडचे यहुदी व्यापारी सुरतेत राहात, आणि त्यांच्यापैकी शालोम कोहेन पुढे 1798 मध्ये कलकत्त्याला गेला. त्यांच्या शास्त्रातला अर्तहशश्त आणि शेजारच्या पारशाचा अर्देशीर हे मुळात एकच नाव.

भारतीय भाषांतील बायबलांत हे नाव एकसारखे नाही. मराठीने अर्तहशश्त हे अरामी वळणाचे रूप ठेवले. हिंदीने अर्तक्षत्र असे संस्कृतला जवळचे रूप घेतले आणि अहश्वेरोशला क्षयर्ष केले. त्यामुळे मराठी आणि हिंदी पाठ शेजारी ठेवून वाचणाऱ्याने अर्तहशश्त व अर्तक्षत्र एकच समजावेत, आणि क्षयर्षला त्यांच्यापासून वेगळे ठेवावे.