शक्सगाम सर्वेक्षण मोहीम (१९३७)

शक्सगाम सर्वेक्षण मोहीम ही काराकोरम पर्वतरांगेच्या उत्तर उतारावरील निर्जन प्रदेशाचा नकाशा तयार करण्यासाठी १९३७ साली काढण्यात आलेली ब्रिटिश मोहीम होती. एरिक शिप्टन हे तिचे प्रमुख होते. एच. डब्ल्यू. टिलमन, सर्वेक्षक मायकेल स्पेंडर, भूवैज्ञानिक जॉन ऑडेन आणि सात शेर्पा यांचा तिच्यात समावेश होता.

पार्श्वभूमी

१८५६ साली टी. जी. माँटगोमेरी यांनी काश्मीरमधील हरमुखवरून, २०० किलोमीटरहून अधिक अंतरावरून, के२ शिखराची नोंद केली. अशा दूरच्या निरीक्षणांतून उंच शिखरांची स्थाने निश्चित झाली. मात्र त्यांच्यामागील दऱ्या व हिमनद्या अज्ञातच राहिल्या. फ्रान्सिस यंगहजबंड १८८७ साली अघिल खिंडीतून शक्सगाम खोऱ्यात उतरले. १९२६ साली केनेथ मेसन यांना तेथे शक्सगामसारखी भासणारी दुसरी नदी आढळली. तिला त्यांनी ‘झुग शक्सगाम’, म्हणजे ‘खोटी शक्सगाम’, असे नाव दिले.

कार्य

अघिल खिंडीचे अचूक स्थान आणि झुग शक्सगामचा प्रवाहमार्ग निश्चित करणे ही मोहिमेची प्रमुख उद्दिष्टे होती. स्कर्दू व अस्कोलेमार्गे मुख्य जलविभाजक ओलांडून पथक उत्तरेकडे गेले. प्लेन टेबल पद्धतीत तिपाईवरील फळ्यावर कागद लावून, आधीच निश्चित झालेल्या शिखरांच्या दिशांवरून प्रथम स्वतःचे स्थान काढले जाते आणि मग भोवतालचा प्रदेश जागेवरच रेखाटला जातो. त्यामुळे जुन्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणातील शिखरे या कामाचा आधार ठरली. उन्हाळ्यात बर्फ वितळून शक्सगामला पूर येतो व परतीची वाट बंद होते. म्हणून नदीपलीकडील काम त्यापूर्वीच उरकणे आवश्यक होते.

पुढे पथकाचे तीन गट झाले. शिप्टन व स्पेंडर शिमशालमार्गे परतले, तर ऑडेन दक्षिणेकडे वळले. टिलमन यांनी ‘कॉर्निस हिमनदी’ची पाहणी केली. या हिमनदीला बाहेर पडण्यास मार्गच नाही, असा दावा वर्कमन दांपत्याने केला होता. टिलमन यांनी तो चुकीचा ठरवला.

महत्त्व

मोहिमेत सुमारे १,८०० चौरस मैल प्रदेशाचे सर्वेक्षण झाले. शिप्टन यांनी ‘ब्लँक ऑन द मॅप’ (१९३८) या पुस्तकात मोहिमेचा वृत्तांत लिहिला. नकाशावरील रिकामी जागा भरली गेली, तरी सीमेचा प्रश्न सुटला नाही. २ मार्च १९६३ रोजीच्या करारान्वये पाकिस्तानने शक्सगाम खोऱ्यावरील चीनचे नियंत्रण मान्य केले. भारताला हा करार मान्य नसून हे खोरे आपला भूभाग असल्याची त्याची भूमिका आहे.