मातीचा गोळा : बोटांसाठी आणि कानांसाठीही

तीन वर्षांच्या बालकाच्या हाती पाटी-पेन्सिल देण्याची घाई आपल्याकडे जुनीच आहे. बालवाडीत प्रवेश झाला की, 'लिहायला कधी शिकवणार?' हा पालकांचा पहिला प्रश्न असतो. मनगटात 8 लहान हाडे असतात. जन्मतः ती कूर्चेच्या रूपात असतात आणि त्यांचे पूर्ण अस्थीकरण होण्यास दहा-बारा वर्षे लागतात. चिमटीने वस्तू उचलणे नवव्या-दहाव्या महिन्यात जमू लागते खरे. परंतु तीन बोटांत पेन्सिल सैल धरून ती केवळ बोटांच्या हालचालीने फिरविणे बहुतेक मुलांना चार ते सहा या वयातच साधते. मधल्या काळात बोटांना काय काम द्यावे, याचे एक सोपे उत्तर म्हणजे माती.

जर्मनीत 1837 साली बालोद्यानाचा पाया घालणाऱ्या फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी मातीकामाला शिक्षणक्रमात स्थान दिले होते. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाड परिसरातील बालवाड्यांत महागड्या साधनांऐवजी भोवतालच्या वस्तूंवर भर दिला. खेड्यातल्या मुलांना बेंदूर-पोळ्याचे मातीचे बैल आणि दिवाळीचा किल्ला यांमुळे हे शिक्षण न मागता मिळत असे.

माती हाताला विरोध करते, हे तिचे वैशिष्ट्य. गोळा मळताना तळहात आणि खांदा, वळकटी करताना दोन्ही हातांचा सारखा दाब, बैलाची शिंगे ओढताना अंगठा व तर्जनी असे काम वाटले जाते. एका हाताने धरायचे आणि दुसऱ्याने घडवायचे, ही पुढे लेखनात कागद धरण्यासाठी लागणारी सवयही येथेच लागते. किती जोर लावला की शिंग तुटते, हे सांगून कळत नाही. बोटांनाच कळावे लागते. मात्र मातीकामाने अक्षर वळणदार होते, असा सरधोपट दावा करू नये. हात तयार होतो, एवढेच.

श्रवणाचा भाग सहसा दुर्लक्षित राहतो. ऐकलेली सूचना मनात धरून ठेवणे आणि ती क्रमाने पार पाडणे, हे स्वतंत्र कौशल्य आहे. प्रारंभी सूचना एकच असावी : 'गोळा कर.' नंतर दोन : 'गोळा कर आणि त्याला चपटा कर.' चार-साडेचार वर्षांच्या मुलास तीन टप्प्यांची सूचना द्यावी : 'लांब वळकटी कर, तिचे वेटोळे कर आणि मधोमध बोटाने खड्डा पाड.' सूचना एकदाच, सावकाश द्यावी; हाताने खूण करू नये. त्यानंतर थांबावे. मोठ्यांना हे थांबणेच जड जाते. मूल गोंधळले असे वाटून आपण तीच सूचना तीनदा सांगतो आणि पहिल्यांदा लक्ष दिले नाही तरी चालते, हे मूल शिकते.

मराठी ध्वनींतील सूक्ष्म भेद ओळखण्यासाठीही हा खेळ उपयोगी पडतो. ताट, पाट आणि माठ या तिन्ही वस्तू मातीच्या करता येतात. आपण ओठ झाकून त्यांपैकी एकाचे नाव घ्यावे; मुलाने जे ऐकले ते घडवावे. माठाऐवजी पाट तयार झाला तर रागावण्याचे कारण नाही, चूक कुठे झाली ते समोरच दिसते. दोन मुलांना पाठीला पाठ लावून बसवावे. एकाने घडविता घडविता वर्णन करावे आणि दुसऱ्याने केवळ ऐकून तसेच करावे. शेवटी दोन्ही वस्तू शेजारी ठेवल्या की होणारी हसाहस हा या खेळातील सर्वांत मोठा आनंद.

येथे एक गोष्ट गंभीरपणे घ्यावी. समोर करून दाखविले की लगेच जमते, पण पाठमोरे सांगितले की मूल वारंवार चुकते, असे आढळल्यास 'लक्ष देत नाही' असा शिक्का मारू नये. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांत मध्यकर्णात द्रव साचून ऐकू कमी येते आणि बाहेरून त्याची काही खूण दिसत नाही. अशा वेळी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून श्रवणचाचणी करून घेणे इष्ट.

शाडू किंवा कुंभाराकडील चाळलेली माती उत्तम. खडे, काचा आणि खताचा अंश नसावा. शहरात ती न मिळाल्यास दोन वाट्या कणीक, एक वाटी मीठ, चमचाभर तेल आणि बेताचे पाणी यांचा गोळा मळावा. रंगासाठी हळद किंवा बिटाचा रस चालतो. यात मीठ पुष्कळ असल्याने तोंडात घालण्याच्या वयातील मुलांना तो देऊ नये, आणि गव्हाचे वावडे असणाऱ्यांनाही नाही. घट्ट डब्यात शीतकपाटात ठेवल्यास तो काही दिवस टिकतो. वास आला किंवा बुरशी दिसली की टाकून द्यावा. खेळ पंधरा-वीस मिनिटांचा पुरे. मूल स्वतःहून रमले असेल तर मात्र घड्याळाकडे पाहू नये.