सशांची बिळे आणि एक पाखरू

इतिहासाच्या तासाला बेटांची नावे आम्ही घेतली ती लढायांसाठी नाहीतर कैदेसाठी. जंजिरा घ्या, सेंट हेलेना घ्या. आज सांगतो तो एका बेटावर नुसते पाहत बसण्याचा इतिहास.

वेल्सच्या किनाऱ्याजवळ स्कोकहोम नावाचे बेट आहे. जेमतेम शंभर हेक्टरांचे. १९२७ साली रोनाल्ड लॉकली हा पंचविशीही न गाठलेला तरुण ते भाड्याने घेऊन तिथे राहायला गेला. पक्ष्यांचे वेड होतेच, पण पोटासाठी बेत होता चिंचिला ससे पाळण्याचा. त्यासाठी आधी बेटावरचे रानससे संपवायला हवे होते. ते काही संपेनात! धंदा बुडाला.

त्याच सशांच्या बिळांत मँक्स शिअरवॉटर हे समुद्रपक्षी घरटी करत. यांना जमिनीवर धड चालता येत नाही, त्यामुळे मोठ्या गल पक्ष्यांच्या भीतीने ते अंधाऱ्या रात्रीच बिळाकडे येतात. दिवसा पाहणाऱ्याला काय दिसणार? लॉकलीने बिळांवरची माती कापून झाकणे केली, पक्ष्यांच्या पायांत क्रमांकाची कडी घातली आणि दिवसामागून दिवस झाकण उचलून पाहिले. अंडे एकच, नर-मादी पाळीपाळीने उबवतात, पिल्लू बाहेर यायला पन्नासेक दिवस लागतात. पुढे आईबाप समुद्रावर निघून जातात आणि पिल्लू काही दिवसांनी एकटेच वाट धरते. कुणी न दाखवलेली!

१९३३ साली इथेच ब्रिटनमधले पहिले पक्षीनिरीक्षण केंद्र सुरू झाले. १९३७ साली इथला एक पक्षी व्हेनिसला नेऊन सोडला, तो चौदा दिवसांत आपल्या बिळात परतला. महायुद्धामुळे १९४० साली लॉकलीला बेट सोडावे लागले, पण काम थांबले नाही. १९५२ साली जेफ्री मॅथ्यूज यांच्या प्रयोगात एक पक्षी अमेरिकेत बोस्टनहून सोडला. सुमारे पाच हजार किलोमीटर समुद्र ओलांडून तो साडेबारा दिवसांत घरी आला. 'पक्षी सोडला' हे कळवणारे पत्र त्याच्या मागून पोचले!

लॉकलीला सशांनी बुडवले, आणि त्यांच्याच बिळांनी त्याचे नाव राखले. पण तो तिथे वर्षानुवर्षे राहिला म्हणून.

परिसर अभ्यासाच्या तासाला मीही फळ्यावर 'निरीक्षण करा' असे ठळक लिहीत असे. घंटा झाली की पुसून टाकत असे.

असो.