केवल मूल्याच्या असमानता (स्पर्धा परीक्षांतील)

संख्येचे केवल मूल्य म्हणजे संख्यारेषेवरील तिचे शून्यापासूनचे अंतर. दोन उभ्या रेघांचे चिन्ह जर्मन गणिती कार्ल वायरश्ट्रास यांनी १८४१ मध्ये वापरले. जेईई, कॅट, जीआरई, जीमॅट अशा परीक्षांत या असमानता नेहमी भेटतात.

|क्ष − अ| < ब (ब धन) याचा अर्थ, क्ष हा अ पासून ब पेक्षा कमी अंतरावर आहे. म्हणून |२क्ष − ५| < ७ वरून −७ < २क्ष − ५ < ७, म्हणजेच −१ < क्ष < ६. पूर्णांक उकली किती, असे विचारल्यास ० ते ५ असे सहा. टोके धरायची नाहीत, आणि घाईत गुण जातात ते इथेच. चिन्ह उलटे असेल तर उकल दोन तुकड्यांत पडते: |क्ष − ३| ≥ ४ साठी क्ष ≤ −१ किंवा क्ष ≥ ७. येथे ‘आणि’ लिहिले की उत्तर चुकलेच.

दोन्ही बाजूंचा वर्ग करणे सोयीचे वाटते, पण उजवी बाजू ऋण होऊ शकत असेल तर ते फसवे ठरते. |क्ष − १| < २क्ष याचा वर्ग केल्यास (३क्ष − १)(क्ष + १) > ० मिळते आणि क्ष < −१ हा भागही उकलीत घुसतो. क्ष = −२ ठेवून पाहा: ३ < −४, हे असत्य. खरी उकल क्ष > १/३ एवढीच. बहुपर्यायी प्रश्नात असा एक आकडा ठेवून पाहणे हा सर्वांत भरवशाचा पडताळा होय.

|क्ष + ४| < −१ ला उकलच नाही. |क्ष + ४| > −१ मात्र प्रत्येक वास्तव संख्येसाठी सत्य असते.